ट्रकांतली नादशुद्धि

आपल्या नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानला. अर्वाचीन पदार्थविज्ञान त्याला हवेंतील कंप म्हणतें. हा मतभेद कसाहि सुटो, एका गोष्टीविषयीं दोन्ही पक्षांचें ऐकमत्य होण्यास हरकत नसावी. ध्वनि ज्या पोकळींतून निघतो, तिचे गुणदोष त्याला चिकटल्यावांचून राहत नाहींत. दगडी गाभाऱ्यांत म्हटलेलें स्तोत्र आणि पत्र्याच्या छपराखालीं म्हटलेलें तेंच स्तोत्र यांतील अंतर अशिक्षित माणसासहि कळतें.

अमेरिकेंत ज्याला ‘ट्रक’ म्हणतात, तो नेहमींच आपल्याकडील मालमोटारीसारखा नसतो. पुढें चारपांच माणसांची बंद बैठक आणि मागें उघडा हौदा, असें तें घरगुती वाहन. शेतकऱ्यापासून वकिलापर्यंत सर्व तें बाळगतात. आमचे चिरंजीव टेक्सासांत स्थापत्याचीं कामें पाहतात. त्यांचेंहि वाहन हेंच. सात वर्षांच्या नातवाचें शाळेंत जाणें-येणें त्यांतूनच होतें, आणि त्यांत रोजचा पाऊण तास जातो. शाळेंत इंग्रजी, खेळांत इंग्रजी, शेजारींहि इंग्रजी. म्हणून तेवढा वेळ वाहनांत मराठी पदें व गोष्टीच लावावयाच्या, असा सूनबाईंचा नेम आहे. तात्पर्य, आमच्या नातवाची मराठी पाठशाळा त्या ट्रकाच्या चार दरवाजांत भरते.

यंदां मी त्यांच्याकडे राहण्यास गेलों असतां, नातवानें मला गीतरामायणांतील पदें म्हणून दाखविलीं. १९५५ सालीं पुणें आकाशवाणीवरून ज्यांचा आरंभ झाला, तीं माडगूळकर-फडक्यांचीं छप्पन्न गीतें पुढील पिढ्यांच्या कानीं अशीं जावीं, याचा मला आनंद झाला. चाल बिनचूक होती. परंतु शब्द ऐकून मी चरकलों. ‘ख’चा ‘क’, ‘थ’चा ‘त’, आणि शब्दान्तींचा ‘स’ तर पार गळालेला! तेंच पद घरांतल्या साध्या यंत्रावर दोनदां ऐकवून त्याच्याकडून म्हणवून घेतलें, तेव्हां बहुतेक उच्चार सुधारले. दोष मुलाच्या जिभेंत नव्हता, कानांतहि नव्हता. तो दरवाजांत होता.

याचें कारण समजण्यासारखें आहे. स्वरांचें बळ मुख्यतः खालच्या व मधल्या कंपांत असतें. पण स, श यांसारखीं व्यंजनें आणि महाप्राणाची फुंकर यांची ओळख पटविणारे कंप बरेचसे सेकंदाला २,००० च्या वर असतात. कारखान्यांतून वाहनाबरोबर येणारे स्पीकर पुष्कळदां काटकसरीनें केलेले असतात. पडदा हलक्या कागदाचा आणि लोहचुंबक लहान. शिवाय ते ज्या दरवाजांत बसविलेले असतात, त्याचा पत्रा पातळ व सच्छिद्र असतो. पडद्याच्या पुढून निघणारी आणि मागून निघणारी लहर परस्परविरुद्ध असते. मागची लहर छिद्रांतून पुढें आली कीं दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. पत्रा स्वतः गुणगुणूं लागतो तो वेगळाच. भरीस भर म्हणून चाकांची घरघर असतेच.

चिरंजीव म्हणाले, “अण्णा, मोठा ॲम्प्लिफायर बसवून टाकतों, मग पाहा.”

मीं म्हटलें, “अरे, जो विद्यार्थी अस्पष्ट म्हणतो, त्याला ‘मोठ्यानें म्हण’ असें बजावल्यानें श्लोक शुद्ध होतो काय?”

हिशेबहि माझ्याच बाजूचा निघाला. शक्ति दुप्पट केली तर आवाज अवघा ३ डेसिबल चढतो. तो कानाला दुप्पट वाटण्यासाठीं शक्ति सुमारें दसपट लागते. आणि कानाची सहनशक्ति मर्यादित आहे. कामगारांच्या कानांसाठीं अमेरिकेंतील आरोग्यसंस्थेनें घालून दिलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास अशी आहे. पुढें दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होत जाते. मुलाचे कान तर आपण याहूनहि जपले पाहिजेत.

आयुर्वेदांत आधीं शोधन आणि मग बृंहण, असा क्रम आहे. मळलेल्या वस्त्रावर रंग चढत नाहीं. तोच क्रम आम्हीं येथें धरला. प्रथम बिनखर्चाचे उपाय केले. पदांच्या नकला फार दाबून लहान केलेल्या होत्या. त्या काढून चांगल्या घेतल्या. बास व ट्रेबल यांच्या कळा मनास येईल तशा चढविलेल्या होत्या. त्या मध्यावर आणल्या. एवढ्यानेंच थोडें धुकें ओसरलें.

नंतर एका रविवारीं दरवाजांचीं आंतील आच्छादनें काढलीं. बुटाइल रबराचे, वर ॲल्युमिनियमचा वर्ख असलेले चिकट पट्टे पत्र्याच्या सपाट भागांवर दाबून बसविले. सबंध दरवाजा मढविण्याची गरज नसते. मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर पट्टा बसला, तरी पत्र्याचें गुणगुणणें पुष्कळ थांबतें. आंतील मोठीं छिद्रें बुजविलीं. खिडकीच्या कांचेवरून उतरणारें पावसाचें पाणी जाण्यासाठीं तळाशीं भोकें असतात, तीं मात्र मोकळीं ठेवलीं. नाहींतर दरवाजा आंतून गंजावयाचा. हें झाल्यावरच नवे स्पीकर आणले व त्यांच्या कडेला फोमचें कडें बसविलें. तारांचें धन-ऋण दोनदां तपासलें. कारण एका बाजूस अदलाबदल झाली, तर एक पडदा पुढें येतांना दुसरा मागें जातो आणि मंद्र ध्वनि लोपतो.

शेवटीं एक छोटें यंत्र बसविलें, तें जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित् थोपवून धरतें. ध्वनि सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. त्या देशांत चालक डावीकडे बसतो. उजवा स्पीकर त्याच्यापासून ६८ सेंटिमीटर अधिक दूर असला, तर त्याचा ध्वनि सुमारें २ सहस्रांश सेकंद उशिरां पोंचतो, आणि गायक डाव्या दरवाजांत बसल्यासारखा वाटतो. हा फरक काढतांच गायक समोर मध्यभागीं आला.

परीक्षा भरतमुनींच्या वर्गीकरणानें घेतली. तत म्हणजे तंबोरा : तो नुसता घुमला तर वरचे स्वरांश हरपले असें समजावें, जवारीची झळाळी ऐकूं आली पाहिजे. तिच्या कारणाचा विचार चंद्रशेखर वेंकट रामन् यांनीं १९२१ सालीं केलेला आहे. सुषिर म्हणजे बांसरी : सुराबरोबर फुंकरहि जाणवावी. अवनद्ध म्हणजे डग्गा : थाप जेथें संपते, तेथें ती संपावी. घन म्हणजे टाळ : तो स्वच्छ वाजावा, पण बोंचूं नये. वयाबरोबर उंच कंप ऐकण्याची शक्ति उणावते. म्हणून ही शेवटची परीक्षा मीं नातवाकडे सोंपविली, आणि ती त्यानें मोठ्या अधिकारानें केली!

एकंदर खर्च, दुकानदारानें सांगितलेल्या तयार संचाच्या निम्म्याहून कमी आला. ज्यांच्या घरीं मोटार आहे, त्यांनीं हाच क्रम धरावा : आधीं नक्कल, मग कळा, मग दरवाजा, आणि सरतेशेवटीं बाजार.

मला विशेष वाटतें तें निराळेंच. पूर्वीं नातू पद ऐकत असे आणि चालीबरोबर वाहून जात असे. कारण जो शब्द ऐकूंच आला नाहीं, त्याच्याविषयीं शंका कोठून येणार? आतां तो मध्येंच गाणें थांबवावयास सांगतो. “आजोबा, इथें ‘ख’ आहे कीं ‘क’? आणि याचा अर्थ काय?” पहिल्या प्रश्नाचें उत्तर आतां यंत्र देऊं शकतें. दुसऱ्याचें देण्यासाठीं घरांतल्या कोणीतरी शेजारच्या आसनावर बसलें पाहिजे.