रेषेवर घर चालतं का?

सरोजिनी नगर, लखनौ

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

तुला व्यंगचित्रकार व्हायचंय, आणि तुझ्या बाबांचा, म्हणजे माझ्या दादाचा, त्यावर एकच सवाल आहे: रेषेवर घर चालतं का? सवाल रास्त आहे. ज्यांनी जन्मभर हेच काम केलं, त्यांनी घर कसं चालवलं ते बघितलं की उत्तर मिळतं. म्हणून हे लांबलचक पत्र.

आमचं लखनौ या कलेला नवखं नाही. १८७७ साली मुन्शी सज्जाद हुसेन यांनी इथे ‘अवध पंच’ हे उर्दू साप्ताहिक काढलं. नमुना लंडनच्या ‘पंच’चा, पण चिमटे इथल्या साहेबांना, करांना आणि नवाबी थाटाला. त्यात गंगासहाय नावाचे चित्रकार ‘शौक’ या नावाने चित्रं काढत. आमच्या सरोजिनी नगरातून जाणाऱ्या कानपूर रस्त्याने पुढे गेलं की उन्नाव जिल्हा लागतो. हिंदी वृत्तपत्रांतले ‘काक’, म्हणजे हरिश्चंद्र शुक्ल, तिथले. ‘जनसत्ता’ आणि ‘नवभारत टाइम्स’मधल्या त्यांच्या चित्रांतला खेडूत सत्तेला थेट प्रश्न विचारायचा. हे काक शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर. पूर्णवेळ व्यंगचित्रकार होण्याआधी त्यांनी नोकरी केली.

मराठीतही हेच दिसतं. वसंत सरवटे सिव्हिल इंजिनियर होते. एसीसी या सिमेंट कंपनीत त्यांनी वर्षानुवर्षं नोकरी केली, आणि त्याच काळात ‘ललित’च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं केली, पु.लं.च्या वल्लींना चेहरे दिले. जयवंत दळवींच्या विनोदी सदरातला ठणठणपाळ वाचकांना हातात हातोडा घेतलेला दिसतो, तो सरवट्यांमुळे. मंगेश तेंडुलकर खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. पुढे दिवाळीच्या दिवसांत ते पुण्याच्या नळस्टॉप चौकात उभे राहत आणि वाहतुकीचे नियम सांगणारी व्यंगचित्रांची कार्डं वाहनचालकांच्या हातात देत.

म्हणजे नोकरी करून चित्रं काढणारा माणूस अर्धवट कलावंत असतो, हा समज तू आणि दादा, दोघांनीही डोक्यातून काढून टाका. पगार हाताशी असला की नको त्या कामाला नाही म्हणता येतं.

आता फक्त चित्रांवर जगलेल्या माणसाबद्दल. शि. द. फडणीस यांचा जन्म १९२५ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा. कोल्हापुरात शाळा, मग मुंबईच्या जे. जे.मध्ये कमर्शियल आर्ट. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ची मुखपृष्ठं त्यांनी केली आणि त्यांची चित्रं घराघरांत पोचली. त्यातलं एक चित्र नीट बघ. बसस्टॉपवर एक तरुण आणि एक तरुणी. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. खाली एक अक्षर नाही. दोघं आपापल्या जागी गप्प, आणि काय ते कपड्यांवरच्या नक्षीत चाललंय. अशा चित्राला भाषांतर लागत नाही आणि त्याला तारीखही नसते. पंतप्रधान बदलले म्हणून ते शिळं होत नाही.

त्यांच्या कमाईचं गमकही तिथेच आहे. शिळं न होणारं चित्र पुन्हा पुन्हा वापरता येतं. फडणिसांची चित्रं मुखपृष्ठावरून पुस्तकांत गेली, ‘हसरी गॅलरी’ या प्रदर्शनातून गावोगाव फिरली, ‘चित्रहास’ या कार्यक्रमात पडद्यावर आली. महाराष्ट्राच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठीही त्यांनी चित्रं काढली, तेव्हा बेरीज-वजाबाकीला घाबरणाऱ्या पोरांना पानावर गंमत दिसली. अलीकडचं उदाहरण हवं तर ‘चिंटू’ घे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांनी १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू केलेली ही चित्रमालिका पुस्तकांत आली आणि २०१२ मध्ये तिच्यावर सिनेमाही निघाला.

हे सगळं जमायचं तर चित्राचा हक्क आपल्याकडे हवा. चिऊ, हा भाग दादाला मोठ्याने वाचून दाखव. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला मालक सहसा चित्रकारच असतो. वृत्तपत्राच्या पगारावर असताना त्याच कामासाठी काढलेलं चित्र छापण्याचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. पण नियतकालिकांबाहेरचे बाकीचे हक्क चित्रकाराकडेच राहतात. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. म्हणून मानधन कितीही असो, कागदावर ‘या अंकात एकदा छापण्यासाठी’ एवढे शब्द यायलाच हवेत. मूळ चित्र परत मागून घ्यायचं. ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहिलेलं दिसलं तर सही करण्याआधी दादाला दाखवायचं.

शिकण्याबद्दल. आर. के. लक्ष्मण यांना जे. जे.ने प्रवेश नाकारला होता. त्यांनी म्हैसूरमध्ये राहून पदवी घेतली आणि मोठे भाऊ आर. के. नारायण यांच्या कथांसाठी चित्रं काढत हात तयार केला. दुसरीकडे फडणीस त्याच जे. जे.मध्ये शिकले. तेव्हा कॉलेज मिळालं तर उत्तमच. आमच्याकडचं कला महाविद्यालय १९११ पासूनचं आहे आणि आता लखनौ विद्यापीठाचा भाग आहे. मुंबईला नंबर लागला नाही तर इथे राहायला खोली आहेच. पण कॉलेज कुठलंही असलं तरी रस्त्यावरचा सराव चुकत नाही. चारबाग स्टेशनच्या हमालाचं चित्र काढायचं तर आधी त्याची मान बघ: डोक्यावर दोन बॅगा असताना ती ताठ असते, आणि वळायचं झालं की तो मान न वळवता कमरेतून अख्खा वळतो. ती कंबर साधली की नाक-डोळे नसले तरी हमाल ओळखू येतो. मग त्याच चित्रातले सगळे शब्द काढून टाक आणि घरात कुणाला तरी दाखव. न सांगता हसू आलं तर ठेव, समजावून सांगावं लागलं तर पुन्हा काढ.

आता छापून येण्याबद्दल. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही दिवाळी अंकांची प्रथा, आणि नव्या माणसाचं चित्र आजही या अंकांतच लवकर छापून येतं. निवडक चित्रं जूनच्या आत तयार ठेव. प्रत्येकावर सही आणि साल घाल, स्कॅन करून एक प्रत आपल्याकडे ठेव, मगच संपादकांना पाठव. बी.कॉम. मात्र सोडू नकोस. बिलं कशी करायची आणि कर कसा भरायचा हे कळणारे चित्रकार फार थोडे असतात. पाठवण्याआधी सगळी चित्रं मला बघायची आहेत. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या