लोखंडाची आगोट

मे महिना सरत आला की कोकणात घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, लगबग सुरू होते. आमच्या गॅरेजातही तेव्हाच फळीवरचे सुटे भाग खाली उतरतात. क्रँक, ब्लॉक, गिअर, एकेक सोडून बघायचा, पुसायचा, तेल लावून पुन्हा बांधायचा. जुन्या येझदी मोटारसायकलवर काम करणाऱ्याला हे चुकवून चालत नाही. तिचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. तिथून आलेला मूळ भाग गंजून गेला की कायमचा गेला.

लोखंड वयामुळे गंजत नाही. ओल आणि हवा एकत्र मिळाली की गंजतं, आणि सोबत मीठ असेल तर फार लवकर. खाऱ्या वाऱ्याला आपण दोष देतो, पण मीठ आपल्या घामातही असतं. लख्ख घासलेल्या क्रँकवर उघडा हात लागला, तर पावसाळी हवेत तिथे बोटांचे तांबूस ठसे उमटतात. म्हणून शेवटचा स्पर्श तेलाच्या चिंधीचाच हवा.

गुंडाळायला वर्तमानपत्र घेऊ नये, ते ओल धरून ठेवतं. इंजिनातून उतरवलेलं काळं तेलही नको, त्यात आम्लं आणि पाणी मिसळलेलं असतं. ताज्या तेलाचा हात, वर मेणकागद, मग घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलची पुडी, एवढं पुरतं.

उभी गाडी अधूनमधून पाच मिनिटं चालू करावी, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन पुरतं तापलं नाही, तर त्यातली काही वाफ आतच पाणी होऊन साचते. त्यापेक्षा प्लग काढून चमचाभर तेल सोडावं आणि किक हळूच दोनदा फिरवावी.

गंज चढलाच, तर आधी धातू ओळखायचा. लोखंडी ब्लॉक लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात ठेवून सारखं लक्ष ठेवायचं. गंज सुटला की सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडा करून लगेच तेल लावायचं, कारण उघडं पडलेलं लोखंड बघता बघता पुन्हा तांबूस होतं. अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक दाखवूसुद्धा नये, ते धातूच खातं. कडक पोलादाची स्प्रिंग आम्लात टाकली, तर ती ठिसूळ होऊन पुढे तुटू शकते. बेअरिंगच्या धावेवर गंजाचा एक खड्डा दिसला तरी ते बाद.

गंज निघतो, पण गंज झालेला धातू परत येत नाही. पिस्टन आणि बोअर यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. तिथे पॉलिश पेपरचा एक जादा हातही महाग पडतो. म्हणून शिकायला आलेल्या पोरांना मी पहिलं काम हेच देतो: भाग पुसा, तेल लावा, बांधा, डब्यावर नाव आणि तारीख लिहा. ज्याला भाग सांभाळता आला, त्याच्या हातात इंजिन उघडायचा पाना द्यायला मला धास्ती वाटत नाही.