बळ आणि ताप

कामोठ्यांतील आमच्या घरीं वडिलांच्या पश्चात् राहिलेली फोक्सवॅगन बीटल आहे. तिच्या ११९२ घनसेंटिमीटरच्या एंजिनास पाण्याचा आधार नाहीं. तें वाऱ्यानेंच थंड राहतें. अशा गाड्यांसाठीं अमेरिकेंतील जडसन कंपनीनें १९५०-६० या दशकांत ‘सुपरचार्जर’ काढला. पट्ट्यानें फिरणारें हें यंत्र हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबून एंजिनांत भरतें, म्हणून बळ वाढतें. तसा एक जुना मिळवून बसवावा, असा चिरंजीवांचा हट्ट आहे.

परंतु बळाबरोबर तापहि वाढतो. बोरघाट चढतांना तो वाहून नेण्यास पंख्याचा वारा व तेल एवढींच साधनें असतात. म्हणून माझी अट एकच: आधीं पंखा, तेल व सिलिंडर तपासावे. वृद्धाच्या खांद्यावर ओझें देण्यापूर्वीं त्याची नाडी पाहावी, हें बरें.