मैदानावरून येणारी नावं

21 ऑक्टोबरच्या सकाळी पोलीस मुख्यालयाच्या मैदानावरून नावं यायची. आधी लाउडस्पीकरची खरखर, मग कुणीतरी माईकवर टिचकी मारून बघितल्याचे दोन ठोके, आणि त्यानंतर एका फौजदारांचा सपाट, कुठेही न चढणारा, कुठेही न कापणारा आवाज. हुद्दा, नाव, राज्य. हुद्दा, नाव, राज्य. आमच्या पोलीस लाईनीतल्या खोल्या मैदानाच्या कुंपणाला लागूनच होत्या. त्यामुळे ही नावं आधी तुळशीवरून, मग दारातल्या दोरीवर वाळणाऱ्या खाकीवरून, मग स्वयंपाकघराच्या जाळीतून आत शिरत आणि चिवड्याचे पोहे भाजणाऱ्या आईच्या हाताशी येऊन थांबत. दिवाळी बहुधा तोंडावर आलेली असे. आई काही बोलायची नाही. गॅस बारीक करायची, झारा कढईच्या कडेला टेकवायची आणि पदराला हात पुसत जाळीपाशी उभी राहायची. पोहे करपल्याचा हलका वास आणि दूरच्या माणसांची नावं, ही जोडी माझ्या मनात तेव्हापासून एकत्र आहे. आजही कुणाच्या घरी फराळाचे पोहे जरा जास्त भाजले गेले, की माझे कान कुंपणापलीकडे लागतात.

नावं किती लांबून आलेली असत! शिपाई, मणिपूर. हवालदार, झारखंड. उपनिरीक्षक, जम्मू-काश्मीर. त्या वर्षात, म्हणजे एका सप्टेंबरपासून पुढच्या ऑगस्टअखेरपर्यंत, देशात कर्तव्यावर असताना गेलेला प्रत्येक पोलीस त्या यादीत असायचा. सातारा-सांगलीकडच्या जिभेला ती नावं सरळ पेलत नसत. फौजदार साहेब एखाद्या नावापाशी थबकत, श्वास घेत, मनातल्या मनात नावाचे तुकडे करून बघत आणि मग सबंध नाव एका दमात म्हणत. उच्चार चुकतच असणार. इंफाळकडच्या कुठल्याशा आईला आपल्या लेकाचं नाव त्या आवाजात कदाचित ओळखूही आलं नसतं. पण त्या अडखळण्याची मला फार माया वाटत आली आहे. ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याचं गाव कुठल्या नदीकाठी आहे हे ठाऊक नाही, त्याचं नाव नीट यावं म्हणून एक माणूस भर उन्हात, टोपी डोक्यावर घट्ट बसवून, आपली जीभ वळवू पाहतो आहे. यापेक्षा मोठी मानवंदना मला माहीत नाही.

शाळेला सुट्टी असली की आम्ही मुलं कुंपणाच्या तारांना तोंड लावून मैदान बघत असू. चुन्याच्या ताज्या रेघा, मधोमध स्मृतिस्तंभ, त्याच्या पायरीशी झेंडूचं चक्र. शोकशस्त्राचा हुकूम झाला की बंदुका उलट्या व्हायच्या, नळीचं टोक बुटाच्या चवड्यावर टेकायचं, दोन्ही तळवे दस्त्यावर एकावर एक यायचे आणि सगळ्या माना खाली जायच्या. रांगेतले बाबा मला नेमके ओळखू यायचे नाहीत. त्या क्षणी सगळेच बाबा असायचे. आदल्या रात्री आमच्या ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून त्यांनी बूट घासलेले असत, पट्ट्याच्या पितळेला ब्रासो लावून, फडक्याची घडी पुन्हा पुन्हा बदलत, त्यात आपला चेहरा दिसेपर्यंत ते पुसत बसलेले असत. एरवी परेडला वैतागणारा माणूस त्या रात्री मात्र घाई करत नसे. ब्रासोचा तो उग्र, नाकात झिणझिणणारा वास घरभर असायचा आणि आई एकदाही म्हणायची नाही की बाहेर जाऊन पुसा.

आणखी एक गोष्ट. पोलीस ठाण्यात शिपायाला नावाआधी बक्कल नंबर असतो. हजेरीला नंबर, बंदोबस्ताच्या यादीत नंबर, स्टेशन डायरीत नंबर. बाबांच्या बरोबरीची कितीतरी माणसं मला आधी आकड्यांनीच माहीत होती. आकड्यात जगलेल्या त्या माणसांना मैदानावरचा तो आवाज मात्र आई-बापांनी ठेवलेल्या नावाने हाक मारायचा.

हे सगळं सुरू झालं ते आमच्या लाईनीपासून फार दूर, लडाखात. 20 ऑक्टोबर 1959 ला हॉट स्प्रिंग्जच्या ठाण्यावरून टेहळणीच्या तुकड्या निघाल्या होत्या. त्यांतली एक, दोन शिपाई आणि त्यांच्याबरोबरचा एक हमाल, परतलीच नाही. दुसऱ्या दिवशी करमसिंग नावाचे अधिकारी घोड्यावर बसून तिच्या शोधात निघाले आणि त्यांच्यामागून वीसेक जवान. टेकडीवरून चिनी सैनिकांनी गोळीबार केला. दहा पोलीस तिथेच पडले. त्यांचे देह परत मिळायला 13 नोव्हेंबर उजाडला आणि 15,000 फुटांहून उंच अशा त्या उजाड जागी त्यांना इतमामाने अग्नी दिला गेला. पुढे 1960 च्या जानेवारीत राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेत ठरलं, की 21 ऑक्टोबर हा दिवस दरवर्षी पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळायचा. मी हा प्रसंग पुष्कळदा वाचला आहे आणि दरवेळी एकाच जागी रेंगाळते. ती माणसं कुणाला पकडायला निघाली नव्हती. आपले सोबती परतले नाहीत म्हणून, त्या थंडीत, त्यांना शोधायला निघाली होती.

त्या दहा नावांची पुढे केवढी मोठी रांग झाली. दिल्लीत चाणक्यपुरीला 2018 च्या 21 ऑक्टोबरला राष्ट्रीय पोलीस स्मारक उभं राहिलं, तेव्हा स्वातंत्र्यापासून गेलेल्या पोलिसांचा आकडा 34,844 झाला होता. मधोमध काळसर ग्रॅनाइटचा तीस फुटी उंच स्तंभ आणि नावं कोरलेली भिंत. त्या भिंतीपुढे आपलं नाव शोधायला माणसं येतात. आपलं म्हणजे आपल्या माणसाचं. ते सापडलं की अक्षरावर बोट ठेवतात आणि मग बोट उचलायचं कसं, हे त्यांना कळेनासं होतं.

आपल्याकडे राज्याचा मुख्य कार्यक्रम मुंबईत, नायगावच्या हुतात्मा मैदानावर होतो. 26/11 च्या हल्ल्यानंतर, 2009 साली, त्या मैदानावर काय झालं असेल, याचा विचार मी आजही करते. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर. आणि तुकाराम ओंबळे. जावळी खोऱ्यातल्या केडंबे गावचा हा सहायक फौजदार, गिरगाव चौपाटीवर हातात नुसती काठी असताना समोरच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून राहिला. सोडली नाही. त्यामुळे एक अतिरेकी जिवंत हाती लागला. त्यांना अशोकचक्र मिळालं हे सगळ्यांना माहीत आहे. पण 2020 साली संशोधकांनी ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका चिमुकल्या, उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या जातीला ओंबळ्यांवरून ‘तुकारामी’ असं नाव दिलं, ते वाचलं त्या दिवशी मी घरात कितीतरी वेळ नुसती फेऱ्या मारत होते. मैदानावरची यादी वर्षातून एकदा वाचली जाते. हा कोळी कुठल्याशा भिंतीवर, कुठल्याशा पानाखाली, रोज ते नाव अंगावर वागवतो आहे.

आणि गडचिरोली. तिथलं एखादं गाव यादीत आलं की आमच्याकडे सगळी लाईन स्तब्ध व्हायची, कारण लाईनीतलं कुणी ना कुणी तिकडे बदलीवर असायचंच. 1 मे 2019 ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्यात सुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. सकाळी गावोगाव झेंडावंदन झालेलं. त्या ऑक्टोबरात महाराष्ट्राची यादी वाचताना वाचणाऱ्याला कुठेही अडखळावं लागलं नसेल. सगळी आपल्याच जिभेची नावं. असं न अडखळता वाचायला लागणं जास्त कठीण असणार.

पण माझ्या मनात जी गोष्ट घर करून आहे, ती वाचल्या जाणाऱ्या नावांची नाही. आमच्या शेजारच्या काकूंच्या मालकांचं नाव त्या मैदानावर कधी आलं नाही. काका गाडीवर चालक हवालदार होते. गणपतीचा बंदोबस्त, लगेच नवरात्र, मधे कुठल्याशा मंत्र्यांचा दौरा; देवीच्या विसर्जनाच्या रात्रीनंतर घरी आले, पाठीत कळ आली म्हणाले, पाणी मागितलं आणि गेले. गोळी नाही, सुरुंग नाही. अशी माणसं यादीत बसत नाहीत. लाईनीत ती फार असतात. झोप अर्धी, जेवण अवेळी, रक्तदाबाची गोळी खिशातच राहिलेली. करोनाच्या दिवसांत राज्यातले शेकडो पोलीस गेले, तेव्हा नाक्यानाक्यावर उभं राहणं म्हणजे काय, हे थोड्या काळापुरतं लोकांच्या लक्षात आलं. मग विसरलं गेलं.

काका गेले त्या वर्षी ऑक्टोबरात नावं वाचली जात असताना काकू आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. आईने त्यांच्या हातात चहाची बशी दिली. काकू शेवटच्या नावापर्यंत ऐकत राहिल्या, यादी संपल्यावरही ऐकत राहिल्या. बँड वाजायला लागला तेव्हा उठल्या.

अशा घरांसाठी मैदानाच्या पलीकडे एक बुटकी, कौलारू इमारत होती. पोलीस कल्याण केंद्र. बाबांच्या पगारपत्रकात कल्याण निधीची कपात असायची, सोसायटीच्या हप्त्याच्या जवळपास कुठेतरी, इतकी किरकोळ की आईने घरखर्च मांडताना ती कधी मोजलीच नाही. पण हजारो पगारांतून गळणाऱ्या त्या थेंबांनी कितीतरी चुली विझू दिल्या नाहीत. मुलांची फी, शस्त्रक्रियेला उचल, लग्नाला कर्ज, अंत्यसंस्काराला लगेच हातात लागणारे पैसे. पोलिसाला कामगारासारखी संघटना करता येत नाही, 1966 चा कायदाच तसा आहे. 1982 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनी बंड केलं तेव्हा लष्कर बोलवावं लागलं. न्यूयॉर्कच्या पोलिसांची स्वतःची संस्था 1894 पासून आहे. तिथे आपल्या माणसासाठी आवाज चढवायचा हक्क आहे. आमच्या लाईनीने आवाज न चढवता एकमेकांना धरून ठेवायची रीत शिकून घेतली. एका वर्षी भरती झालेली मुलं आता फोनवर गट करून असतात. त्यांतला एक गेला की बाकीचे, ज्यांना स्वतःच्या घराचे हप्ते भरताना घाम फुटतो, ते आपापला वाटा टाकतात आणि रक्कम बायकोच्या किंवा मुलांच्या नावे ठेव करून पावती नेऊन देतात. त्याचा कुठे समारंभ होत नाही. मला ती पावती स्मृतिदिनाइतकीच पवित्र वाटते.

काकूंना कल्याण केंद्रातलं एक शिवणयंत्र मिळालं. पहिले काही महिने त्या नुसत्या त्याच्यासमोर बसत, म्हणे. मग गणवेशांच्या दुरुस्त्या करू लागल्या, फिती शिवू लागल्या, नव्या मुलींना शिकवू लागल्या, आणि हळूहळू त्यांच्या भोवती अशा बाया जमू लागल्या ज्यांना कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा हे ठाऊक नसतं. काकूंना ते ठाऊक होतं. दारोदार फिरून, रडून, साहेबांची वाट बघत बाकावर दुपारी काढून त्यांनी ते मिळवलेलं होतं. त्यांचा मुलगा अनुकंपा तत्त्वावर नोकरीला लागला, नातवंडं झाली, त्यांनी लाईन सोडली. पण 21 ऑक्टोबरला त्या येतात. मैदानावर नव्हे. समारंभ संपता संपता येतात.

मागच्या खेपेला मीही गेले होते. आता मंडप असतो, खुर्च्यांना पांढरी कापडं असतात, नावं वाचणाऱ्या दोघांत एक तरुण महिला उपनिरीक्षक होती. पाठ सरळ, आवाज स्वच्छ. तीही एका नावापाशी थबकली आणि मला आत कुठेतरी बरं वाटलं. तीन फैरी झडल्या, कबुतरं उडाली, लास्ट पोस्ट वाजलं. पहिल्या रांगेत एक पंचविशीची मुलगी बसली होती, शेजारी सहा-सात वर्षांची लेक, दोघींच्या मांडीवर मिळून एक शाल आणि एक नारळ. फोटो झाले. मोठ्या गाड्या निघाल्या. ती तशीच बसून राहिली, आता उठायचं असतं का, हे कुणाला विचारावं अशा चेहऱ्याने.

काकू तिच्याकडे गेल्या, खुर्ची ओढून बसल्या. सांत्वनाचा एक शब्दही त्यांनी उच्चारला नाही.

“हिचं शाळेचं बोनाफाईड आणलंस?”

मुलीने मान हलवली.

“पासबुकाची झेरॉक्स? आणि मृत्यूचा दाखला कुठाय? बघू. हां, हा लॅमिनेट करू नकोस बरं का, पोरी. सगळे प्रेमाने लॅमिनेट करतात आणि मग खिडकीवर घेत नाहीत. खोली लगेच सोडा म्हणतील असं कुणी सांगितलं असेल तर घाबरू नकोस, त्याला अर्ज असतो. मी लिहून देते. तुझं जेवण झालंय का सकाळपासून?”

मुलीला तेव्हा रडू आलं. काकूंनी ते येऊ दिलं, तोवर पिशवीतून पेन काढून त्याचं टोपण उघडून ठेवलं. मग आम्ही चौघी मैदान ओलांडून कल्याण केंद्राकडे निघालो. लेकीने शाल खांद्यावर टाकली होती, ती जमिनीला लागत होती म्हणून मी मागून उचलून धरली होती. खिडकी अजून उघडायची होती. आमच्या पुढे दोघी जणी होत्या, आणि काकू त्यांनाही विचारत होत्या, “कागद सगळे आणलेत ना?”