आमची निवडणूक

'आमची' हा शब्द शीर्षकात लिहिला खरा. पण तो वाचून आमच्या घरात कोणी तरी हसणार, हे मला ठाऊक आहे. २०१६ साली नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी होती ती माझी पत्नी. २ डिसेंबर २०२५ ला नगरपालिकांचे मतदान झाले, त्याच्या आदल्या आठवड्यात माळा आवरताना त्या वेळच्या पत्रकांचा एक गठ्ठा हाती लागला. गठ्ठ्याची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. तो तसा का राहिला, ते सांगायला हवे.

नगरसेवक व्हावे ही माझी जुनी हौस. कृष्णाकाठचे आमचे लहानसे गाव. तिथे मी मास्तर, आणि त्यातून कादंबरीकार! आपण बोलतो ते लोक ऐकतात, असा माझा समज झाला होता. अत्रे हेडमास्तर होते, लेखक होते, आणि पुण्याच्या नगरपालिकेत जाऊन त्यांनी रे मार्केटची महात्मा फुले मंडई केली. आपल्या हातून निदान एखाद्या चौकाचे तरी नामकरण व्हावे, असे मनात होते. नोकरीचे काय करायचे इथवर विचार झाला. आणि सोडतीत आमच्या प्रभागातली 'अ' जागा महिलांसाठी निघाली. १९९३ पासून एकतृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या. तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

मित्र म्हणाले, "मास्तर, वहिनींना उभं करा. सही त्यांची, कारभार तुमचा."

मला त्यात काही वावगे वाटले नाही, हे इथे कबूल करतो. पत्नी भाकऱ्या थापत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पाण्याचं बोलता येईल का तिथे?" मी म्हटले, "त्यासाठीच तर जायचं." "मग राहते उभी," ती म्हणाली.

कागदपत्रांचे पुराण लांबवीत नाही. थकबाकी नसल्याचा दाखला, घरात शौचालय असल्याचा दाखला, मालमत्तेचे शपथपत्र. या शपथपत्राच्या निमित्ताने माझ्या कादंबऱ्यांचे मानधन किती, हे सरकारला आणि पत्नीला एकदमच कळले. उमेदवारी अपक्ष; चिन्ह मिळाले कपबशी.

जाहीरनामा अर्थात मी लिहिला. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तिथून मी सुरुवात केली आणि दुसऱ्या पानावर आमच्या गावात पोहोचलो. पत्रके छापून आली. पत्नीने एक हातात घेतले. वर माझा फोटो, चांगला तळहाताएवढा. खाली कोपऱ्यात तिचा, तिकिटाएवढा. तिच्या नावापुढे कंसात 'मास्तरांच्या सौभाग्यवती'. हा उद्योग छापखान्यात माझ्या डोळ्यांदेखत झाला होता आणि मला तो दिसला नव्हता.

"यात पाणी कुठे आहे?" तिने एवढेच विचारले. फोटोविषयी ती अवाक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शंभरपानी वही घेऊन ती एकटीच बाहेर पडली.

त्या वहीत भाषण नव्हते. कोणत्या गल्लीत नळ किती वाजता येतो, किती मिनिटे टिकतो, किती हंडे भरतात, एवढेच लिहिले होते. खालच्या आळीच्या शेवटच्या बोळात पाणी पहाटे साडेतीनला येई. तिथल्या बायकांची झोप वर्षानुवर्षे दोन तुकड्यांत होत होती. मी त्याच बोळावरून रोज शाळेत जातो. मला त्याचा पत्ता नव्हता.

मतदान २७ नोव्हेंबरला, आणि त्याआधी ८ तारखेला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झालेल्या. गावात शंभराची नोट दिसेनाशी झाली होती. २६ च्या रात्री खालच्या आळीतली एक म्हातारी दारात आली. तिने पदराची गाठ सोडून पाचशेच्या दोन जुन्या नोटा काढल्या.

"मास्तरीणबाई, दुपारी एक पोरगं पाकीट देऊन गेलं. दुकानदार म्हंतोय, चालत न्हाईत."

बँकेत बदलून मिळणे २४ तारखेलाच थांबले होते. नोटा खात्यात भरता येत, पण म्हातारीचे खाते जिल्हा बँकेत, आणि जिल्हा बँकांना त्या घ्यायला १४ पासून मनाई. पत्नीने डब्यातून शंभराच्या दहा नोटा काढून तिच्या हातावर ठेवल्या. आमच्या दुधाभाजीच्या त्या शेवटच्या नोटा होत्या.

उंबऱ्यात म्हातारी थबकली. "मग उद्या बटन कुटलं दाबू? त्या पोरानं लेकराची शपथ घातलीया."

मी आतल्या खोलीतून दोनदा खोकलो.

"तुमच्या मनात असेल ते दाबा, आजी," पत्नी म्हणाली.

म्हातारी गेल्यावर मी उसळलो. "कपबशी! एक शब्द बोलायचा होता फक्त!"

"हजार रुपये हातावर ठेवून? मग ते दुसरं पाकीट झालं असतं."

कादंबरीत हे वाक्य मी नायिकेच्या तोंडी घातले असते आणि आठवडाभर स्वतःवर खूश राहिलो असतो. त्या रात्री मात्र भिंतीकडे तोंड करून झोपलो.

१९ मतांनी पडलो. म्हणजे ती पडली. म्हातारीचे मत कुणाला गेले, ते तिने सांगितले नाही आणि पत्नीने विचारले नाही. मंगळवारी बँकेच्या रांगेत दोन तास उभे राहून त्या दोन नोटा तिने आपल्या खात्यात भरल्या. त्या सभागृहाची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. पुढे चार वर्षे प्रशासकाची गेली.

निकालानंतर आठच दिवसांनी म्हातारी पुन्हा आली. हातात मेथीची जुडी.

"तुमी पडला व्हय? मग नळाचं आता कुनाला सांगायचं?"

"निवडून आले त्यांना," पत्नी म्हणाली. तिने मेथी आत ठेवली, खुंटीवरच्या पिशवीतून ती वही काढली आणि चपला पायांत सरकवल्या. "चला, मी येते."

मी ओसरीवर पत्रकांचा गठ्ठा बांधत बसलो होतो. दोघी माझ्या अंगावरूनच गेल्या.