पडेल तोच घ्यायचा

आंब्याला झेला लागतो, नारळाला पाडेली लागतो. काजूला यातलं काही लागत नाही. तो पिकला की आपला आपण खाली येतो, वाकायचं आपण.

वेंगुर्ल्याकडच्या काकींच्या बागेत मार्च लागला की ऊन तापायच्या आत सगळं घर टोपल्या घेऊन कलमांखाली असतं. पाचोळ्यात तांबडे-पिवळे बोंडू विखुरलेले, त्यांच्या आंबूस-गोड वासाने हवा जड झालेली. माझा हात मात्र फांदीवरच्या रसरशीत बोंडूकडे जातो. काकी लगेच म्हणतात, "पडलेलो तोच घे गो, झाडाक हात लावू नको." काजूत बी आधी वाढते, बोंडू मागाहून फुगतो. खरं फळ ती बीच. बोंडू म्हणजे फुगलेला देठ. तो आपणहून गळाला म्हणजे आतला गर भरला. घाईने ओढलेल्या बीत गर चिपाड निघतो.

बी पिरगळून बोंडूपासून सोडवायची, खळ्यात उन्हाला पसरायची. मुठीत हलवून वाजली की वाळली. पण त्याआधी, बी हिरवी असताना, ओले गर काढणाऱ्या बायकांचे हात एकदा पाहावेत. सालीतलं तेल जाळतं. खोबरेल लावा, राख लावा, बोटं काळी पडतात, कातडी सोलवटते. ओल्या काजूची उसळ आम्ही कौतुकाने वाढतो, तेव्हा मला ती बोटं आठवतात. बाजारात शेकड्यावर विकल्या जाणाऱ्या त्या गरांचा भाव कुणी पाडून मागितला की राग येतो.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने एकाहून एक जाती दिल्या. वेंगुर्ला-७ ची एक बी १० ग्रॅमच्या आसपास भरते. बी मोठी झाली, कलमं डोंगरभर पसरली. बोंडूची दशा मात्र बदलली नाही. पोर्तुगीजांनी १६व्या शतकात ब्राझीलहून आणलेलं हे झाड. शेजारच्या गोव्यात बोंडू तुडवून रस काढतात, ताजा नीरो पितात, भट्टीवर आधी उर्राक उतरवतात, मग फेणी. त्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. झाड तेच, जांभी माती तीच. इकडे मात्र थोडं सरबत होतं, थोडे बोंडू गुरांपुढे पडतात आणि ढीगच्या ढीग झाडाखाली कुजतात. संत्र्याहून कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असलेलं हे धन मातीत जाताना मला बघवत नाही. बी वेचताना काकी त्यातले चांगले बोंडू निवडून वेगळ्या टोपलीत ठेवतात. त्या टोपलीला गिऱ्हाईक मिळायला हवं.

एप्रिलमध्ये कोकणात आलात तर काजूगर जरूर न्या. पण त्याआधी कुणाच्या बागेत बोंडू मागा, चिरून मीठ लावून खा. घसा थोडा धरेल, धरू दे. आणि पांढरे कपडे घालून येऊ नका; बोंडूचा डाग धुऊन जात नाही.