‘लॉ’वरचा जोर

कर्नाळ्याला पाहुण्यांना पक्षी दाखवणारी काही मुलं माझ्याकडे पनवेलला इंग्रजी बोलायला शिकतात. त्यांची गाडी अडते ती ‘ऑर्निथॉलजिस्ट’वर. सलीम अलींनी १९३०च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यात, किहीमला, सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला, हे सांगायचं तर पक्षिशास्त्रज्ञ हा शब्द कुठवर टाळणार?

सुरुवात मी गावाच्या नावापासून करतो. ‘पनवेल’ लिहिताना अक्षरं चार, बोलताना ठोके दोनच : पन्-वेल्. टाळी वाजवून मोजलं की सिलेबल म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. मग ऑर्-नि-थॉ-ल-जिस्ट : पाच टाळ्या, त्यात तिसरी सणसणीत, पहिली जरा बेताची, बाकीच्या नावापुरत्या. गंमत अशी की, ग्रीकमधून आलेला पक्ष्याचा ‘ऑर्निथ’ संपतो ‘थ’पाशी, पण बोलताना तो ‘थ’ पुढच्या ‘ऑ’ला जाऊन चिकटतो. अर्थाचा सांधा एकीकडे, उच्चाराचा दुसरीकडे.

मुलं मात्र सगळा जोर ‘लॉ’वर देतात. यात जिभेचा दोष नाही, आपल्या लिहिण्याचा आहे. बायोलॉजी, सायकॉलॉजी, जिऑलॉजी असं आपण पाट्यांवर नि पुस्तकांत लिहीत आलो. डोळ्यांना दिसलेला दीर्घ ‘लॉ’ तोंड इमानाने उच्चारतं. इंग्रजीत आघात पडतो या ‘लॉजी’च्या लगेच आधी, आणि बिचारा ‘लॉ’ आक्रसून ‘ल’ होतो : बाय्-ऑ-ल-जी.

शाळेत वृत्तं शिकताना काढलेल्या लघु-गुरूच्या खुणा इथे मला फार कामी येतात. पण त्या जपून वापराव्या लागतात. शेवटचा ‘जिस्ट’ जोडाक्षरामुळे आपल्या हिशेबाने गुरू. इंग्रजी त्याला काडीची किंमत देत नाही.

“सर, म्हणजे आमचा ‘लॉ’ कुठंच चालत नाही?” एकाने वैतागून विचारलं. चालतो की! ‘ऑर्निथलॉजिकल’ म्हण. ‘इकल’ लागला की आघात एक घर पुढे सरकतो, ‘लॉ’ ऐटीत उभा राहतो आणि मघाचा ‘थॉ’ दबून जातो. पठ्ठ्याने ते लगेच उचललं, कारण सवय तीच होती, फक्त शब्द दुसरा.

‘थ’च्या मागे मी लागत नाही. इंग्रजांचा ‘थ’ जिभेचं टोक दातांत धरून हवा सोडल्यावर येतो, आपला दातांवर आपटून. आपल्या ‘थ’ने अर्थ कळायला फारसं अडत नाही; जोर भलतीकडे पडला की मात्र समोरचा हमखास “पार्डन?” म्हणतो.